नशिबाची सरासरी शून्य

आमच्या घराण्यात कारणांचा तुटवडा कधीच पडला नाही. दहावीला मला बरे टक्के पडले ते आजीने भिजवून दिलेल्या बदामांमुळे. धाकट्या काकांची नोकरी सुटली ती त्यांनी घराचं दार दक्षिणेला काढल्यामुळे. बहात्तरच्या दुष्काळाचंही कारण आजीकडे तयार असे आणि त्यात एका भाऊबंदाचं नाव येत असे. प्रत्येक गोष्टीला एकच कारण, ते शक्यतो चुलत्यांच्या बाजूचं, आणि जिथे कारण सापडत नाही तिथे नशीब. एवढी भक्कम सैद्धांतिक बैठक घेऊन मी बार्शीहून पुण्याला अर्थशास्त्र शिकायला आलो, त्यामुळे पहिली दोन वर्षं काही जड गेलं नाही. तिसऱ्या वर्षी वेळापत्रकात अर्थमिती उगवली, म्हणजे इकोनोमेट्रिक्स.

दोन वर्षं जी विधानं आम्ही मान डोलावत ऐकली, ती खरी आहेत का हे आकडे घेऊन तपासायचं, असा हा विषय. १९६९ साली अर्थशास्त्राचं नोबेल पहिल्यांदा दिलं गेलं ते रॅग्नार फ्रिश आणि यान टिनबर्गेन यांना, म्हणजे ह्याच विषयाच्या दोन माणसांना. सिद्धांत मांडणाऱ्यांच्या आधी ते तपासणाऱ्यांचा सत्कार झाला, हे अर्थशास्त्रज्ञांच्या सरळपणाचं एकमेव उदाहरण मला माहीत आहे.

पुस्तक एकच: गुजराती. दामोदर गुजराती यांचं ‘बेसिक इकोनोमेट्रिक्स’ १९७८ साली आलं. मुंबई विद्यापीठातून शिकून अमेरिकेला गेलेल्या या गृहस्थांनी पुढे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतही शिकवलं. बंदूक चालवणाऱ्या विद्यार्थ्यांना रिग्रेशन समजावून सांगणाऱ्या माणसाबद्दल मला नितांत आदर आहे. पुस्तकाचं नाव मात्र कोणी घेत नसे. ‘गुजराती झेरॉक्स केलास का?’, ‘गुजराती कुठवर आला?’ एवढंच. मी फोनवर ‘रात्रभर गुजराती वाचत होतो’ असं सांगितलं तेव्हा माझ्या वडिलांना, किराणा दुकान चालवणाऱ्या अण्णांना, वाटलं, पोराने अखेर धंद्याचं मनावर घेतलं. त्या महिन्यात मेसचे पैसे वेळेवर आले.

या पुस्तकात सुरुवातीलाच साठ कुटुंबं भेटतात. आठवड्याचं उत्पन्न ८० डॉलरपासून २६० डॉलरपर्यंत, आणि खर्चाची सरासरी उत्पन्नाच्या मागोमाग शहाण्या सुनेसारखी चालणारी. जगात महागाई आली, बँका बुडाल्या, पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या. ही मंडळी आपली ८० ते २६० मध्ये सुखी. यांच्यातल्या कोणी मुलीच्या लग्नाला कर्ज काढलं नाही, कोणाला अर्ध्या रात्री सोलापूरला दवाखान्यात न्यावं लागलं नाही. बिंदू काढले की मधून सरळ रेष जाते. पुढे खऱ्या माणसांचे आकडे हाती आले तेव्हा मला या साठ कुटुंबांची फार आठवण आली.

पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर एक समीकरण लिहिलं. डावीकडे पगार. उजवीकडे शिक्षणाची वर्षं, त्यांना गुणणारा बीटा, आणि शेवटी कोपऱ्यात अंग चोरून उभं असलेलं एक अक्षर, यू. शिक्षण एका वर्षाने वाढलं तर पगार किती वाढतो, तो बीटा. इथपर्यंत सगळ्यांना कळलं.

“आणि सर, यू म्हणजे?”

“एरर टर्म. पगारावर परिणाम करणारं बाकीचं सगळं.”

बाकीच्या सगळ्याची वर्गात यादी सुरू झाली. हुशारी. इंग्रजी. गाव. जात. वडिलांची जमीन. मुलाखतीच्या दिवशी आलेला ताप. मागच्या बाकावरून ‘मामा’ असा आवाज आला. मामा मंत्रालयात असला तर पगारावर जो परिणाम होतो तो कुठल्याही पदवीने होत नाही, यावर वर्गात दुमत नव्हतं. सरांनी मामालाही यूमध्ये टाकलं आणि खाली गृहीतक लिहिलं: यूची सरासरी शून्य, आणि यूचा शिक्षणाशी काही संबंध नाही.

मी ते वहीत उतरवलं आणि दचकलो. हे तर आजीचं नशीब! ज्याचं कारण हाती लागत नाही ते सगळं ज्या पोत्यात कोंबायचं, तेच पोतं. फरक एवढाच की आजीचं नशीब एकाच घरावर पिढ्यान्‌पिढ्या रुसून बसतं आणि अर्थमितीतलं नशीब समतावादी आहे. तुला अधिक पाच, मला उणे पाच, गावभराची बेरीज केली की शून्य. कोणाशी वैर नाही, कोणाच्या शिक्षणाशी देणंघेणं नाही. असं नशीब मी बार्शीत कोणाचंच पाहिलेलं नव्हतं.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीलाही तोच संशय आला असावा. ती म्हणाली, “पण सर, ज्याचा मामा मंत्रालयात, तो शिकतोही जास्त. मग संबंध नाही कसा?”

सरांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. “संबंध आहे. पण तो युनिट चारमध्ये आहे.”

युनिट चार परीक्षेच्या तोंडावर आलं आणि ‘तुम्ही वाचून घ्या’ या सदरात गेलं. माझा असा दाट संशय आहे की आपल्याकडच्या अर्थशास्त्राच्या बऱ्याच पदव्या युनिट चारच्या अलीकडेच संपतात, आणि वर्तमानपत्रांतले बरेच अग्रलेखही.

रेष काढायची रीत तशी सोपी. प्रत्येक बिंदूचं रेषेपासूनचं उभं अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, आणि वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी रेष निवडायची. गणितज्ञ लझांद्रने ही रीत १८०५ साली छापली. चार वर्षांनी गाउसचं पुस्तक आलं आणि त्यात त्याने जाता जाता नोंदवलं की आपण हे १७९५ पासूनच वापरतो आहोत. लझांद्र चिडला, आणि त्याचं चिडणं मला पटतं. ‘हे आमच्याकडे आधीपासून होतं’ म्हणणारा एक माणूस प्रत्येक घराण्यात असतो. गाउसच्या बाबतीत ते बहुधा खरं होतं, हे जास्त वाईट.

प्रॅक्टिकलला आर नावाचं सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या दोन प्राध्यापकांनी ते नव्वदच्या दशकात केलं आणि ते फुकट मिळतं, त्यामुळे महाविद्यालयाला ते एकमताने पसंत होतं. आरबरोबर सरावासाठी एक डेटा येतो: १९७४ सालच्या एका अमेरिकन मोटार मासिकातल्या ३२ गाड्या. आमच्या वर्गात एकाकडे मावशीची जुनी ॲक्टिव्हा होती, बाकी सगळे पीएमपीच्या पासवाले. पण कॅडिलॅक फ्लीटवुड गॅलनला १०.४ मैल देते आणि टोयोटा कोरोला ३३.९, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. गाडीचं वजन वाढलं की मायलेज पडतं, हे आम्ही सेमिस्टरभर नाना रीतींनी सिद्ध केलं. दुकानाच्या टेम्पोवरून अण्णांनी ते एका वाक्यात सांगितलं असतं, आणि स्टँडर्ड एरर विचारणाऱ्याला खाली उतरवलं असतं.

आर स्वभावाने जुन्या वळणाचा. कॅपिटल अक्षराच्या जागी स्मॉल लिहिलं तर ओळख दाखवत नाही. एखादा कंस मिटायचा राहिला तर रागावतही नाही. अधिकचं चिन्ह दाखवून नुसता थांबून राहतो. मग मुलंही थांबून राहतात. त्याला वाटतं ह्यांचं वाक्य संपायचंय, ह्यांना वाटतं तो विचार करतोय. असे दोन्ही पक्ष सौजन्याने गप्प बसलेले मी बेल होईपर्यंत पाहिले आहेत.

गाड्या संपल्यावर प्रॅक्टिकलच्या मॅडमनी खऱ्या माणसांचा डेटा दिला: पीरियॉडिक लेबर फोर्स सर्व्हे. देशात कोण काम करतं आणि कोण काम शोधतं, याची ही सरकारी पाहणी २०१७ पासून चालते; नमुना पाहणीची परंपरा त्याहून जुनी, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या काळची, १९५० ची. फाइल संकेतस्थळावरून कोणालाही उतरवून घेता येते. उघडली की आत फक्त अंक. मध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही, अंकांच्या ओळीच्या ओळी क्षितिजापर्यंत गेलेल्या. कितव्या अंकापासून कितव्या अंकापर्यंत काय आहे ते सांगणारी दुसरी फाइल वेगळी. तिच्यावरून कळतं की महाराष्ट्र म्हणजे २७, आणि माणूस आयुष्यात काय करतो ते दोन अंकांत मावतं. मजूर न लावता स्वतःचा धंदा करणारा ११. मजूर लावणारा १२. घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावणारा २१. नियमित पगारी ३१. वधूपित्यांचं सगळं लक्ष ह्याच कोडावर. काम शोधणारा बेकार ८१. विद्यार्थी ९१. घरकाम करणारी ९२. घरकाम करून शिवाय घरापुरतं सरपण गोळा करणारी, शिवणटिपण करणारी ९३. ‘इतर’ म्हणून ९७ आहे, त्यात भिकारीही येतात.

वर्गात कोणीतरी विचारलं, “मॅडम, तुमचा कोड?”

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. त्यांनी जरा विचार केला. “मार्चपर्यंत ३१ धरा,” त्या म्हणाल्या. “पुढचं पाहू.”

दिवाळीच्या सुट्टीत मी घरादाराला कोड लावले. अण्णांचं किराणा दुकान, नोकर नाही, म्हणून ११. अण्णांना ते मानवलं नाही. “दिवाळीत दोन पोरं ठेवतो की! बारा लिही.” वर्षाचा बराचसा काळ मजूर नसेल तर १२ देता येत नाही, हे मी समजावलं, त्यांनी सरकारला चार शब्द सुनावले. मग मी आईचं विचारलं. “तिचं काय?” अण्णा म्हणाले. “ती घरीच असते.” म्हणजे ९२.

आता वस्तुस्थिती अशी की आई रोज दुपारी अण्णा झोपतात तेव्हा दुकानात बसते. उधारीची अख्खी वही तिच्या अक्षरात आहे आणि कोणाला साखर द्यायची आणि कोणाला नुसतं हसून वाटेला लावायचं, हे धोरण तिचं. मी म्हटलं, आईला २१. बिनपगारी मदतनीस.

“बिनपगारी कशाने?” आई आतून म्हणाली. “गल्ला माझ्याच हातात असतो.”

हा विनोद म्हणून सोडून देता येत नाही. पाहणी करणारा माणूस दुपारी आला आणि दार आईने उघडलं तर ती २१, म्हणजे देशाच्या श्रमशक्तीत. संध्याकाळी आला आणि अण्णांनी उघडलं तर ९२, म्हणजे बाहेर. त्यात पाहणीतल्या प्रत्येक घराला एक गुणक असतो. ते घर स्वतःसारख्या कित्येक न पाहिलेल्या घरांच्या वतीनेही बोलत असतं. अण्णांनी ‘घरीच असते’ म्हणायचा अवकाश, जिल्ह्यातल्या शेकडो बायका गल्ल्यावरून उठून एकदम स्वयंपाकघरात जातात. नंतर आपण बायकांसाठी समीकरणात डमी, म्हणजे बाई असेल तर एक, नाही तर शून्य असा घटक, टाकतो, बीटा उणे येतो, आणि त्यावर परिसंवाद भरतात. अण्णांच्या झोपेची वेळ कोणीच समीकरणात घेत नाही.

गोधड्या शिवणाऱ्या आजीला मी ९३ दिले. तिला ते टक्के वाटले. “आणि तुझ्या बापाला अकराच पडले?” तिने समाधानाने विचारलं.

पुढे प्रोजेक्ट. प्रत्येकाच्या प्रोजेक्टात माणसं बरोबर ३०, कारण ३० म्हणजे मोठा नमुना, अशी एक लोककथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. टी-टेबलालाही ३० नंतर घाई होते: ४०, ६०, १२० आणि मग थेट अनंत. १२० आणि अनंत यांच्यामध्ये सांगण्यासारखं काही नाही हे छापील पाहिल्यावर एकतिसाव्या माणसाच्या मागे कोण धावणार? बरं, तीसही जण व्हॉट्सॲप ग्रुपवरचे, एकाच वसतिगृहातले. त्यांनी एकाच खोलीत बसून फॉर्म भरलेले, त्यातले काही एकमेकांचे बघून.

माझ्या रूममेटचा विषय होता चहावरचा खर्च आणि परीक्षेतले गुण. निकालात आर बीटाच्या शेजारी तारे छापतो. पी-व्हॅल्यू, म्हणजे बीटा खरा शून्य असतानाही असा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता, ०.०५ च्या खाली आली तर एक तारा, ०.०१ खाली दोन, ०.००१ खाली तीन. पाच टक्क्यांची ही वेस संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्यामुळे रूढ झाली. ते थोर होतेच, पण सोयीची म्हणून सुचवलेली गोष्ट पुढे शंभर वर्षं मुलांना रात्रभर जागवील असं त्यांना वाटलं नसावं. रूममेटची पी-व्हॅल्यू आली ०.०६२. खोलीत सुतकी शांतता पसरली. मग त्याने चहा अजिबात न पिणारा एक मुलगा आउटलायर म्हणून काढला. ०.०५७. गुणांचा लॉग घेतला. ०.०५३. मग चहा पिणाराच पण एटीकेटीवाला एक मुलगा ‘अपवादात्मक परिस्थिती’ म्हणून गेला आणि ०.०४८ आले. तारा उगवला. सगळे खाली अमृततुल्यवर चहाला गेलो, आणि त्या दिवशीचा खर्चही निष्कर्षाला धरूनच झाला.

अशा ताऱ्यांबद्दल फार पूर्वीच सावध करून ठेवलेलं आहे. १९२६ साली संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी दाखवलं की १८६६ ते १९११ या काळात इंग्लंडमधल्या एकूण लग्नांत चर्चमध्ये लागणाऱ्यांचा वाटा आणि मृत्युदर यांचा सहसंबंध ०.९५ इतका आहे. म्हणजे लग्नं रजिस्टर पद्धतीने लावत गेलं तर माणसं हळूहळू अमर होतील. १९८० साली अर्थमितीतज्ज्ञ डेव्हिड हेंड्री यांनी ब्रिटनच्या किंमतपातळीचं झकास स्पष्टीकरण देणारा एक घटक सादर केला, पैशाच्या पुरवठ्यापेक्षाही सरस. तो घटक होता देशात पडलेला एकूण पाऊस, सुरुवातीपासून बेरीज करत आणलेला. पडलेला पाऊस काही परत जात नाही, किमतीही सहसा जात नाहीत. दोन्ही आपापले वर चढतात आणि समीकरणाला वाटतं ह्यांचं जमलंय. मी हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, “मग त्यात चूक काय आहे? पाऊस आणि भाव यांचा संबंध असतोच.” बार्शीच्या व्यापाऱ्याला हेंड्री समजावणं अवघड आहे.

पहिल्या बाकावरच्या मुलीचं दुखणं उलटं. तिच्या प्रोजेक्टात वडिलांचं उत्पन्न, घराच्या खोल्या, दारातल्या गाड्या, सगळं होतं. आर-स्क्वेअर दणदणीत, म्हणजे समीकरण एकूण झकास बसलेलं, पण तारा एकही नाही. ह्याला मल्टिकोलिनिॲरिटी म्हणतात: सगळे घटक इतके हातात हात घालून फिरतात की कोणामुळे काय झालं ते निवडता येत नाही. गुजरातींच्या पुस्तकात यावर उपाय दिले आहेत, आणि पहिला उपाय आहे काही न करणं. पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ झालेले ओलिव्हिए ब्लँशार यांनी तर ही सरळ देवाची मर्जी ठरवली आहे. तेही तिथेच उद्धृत केलंय. हे कळल्यावर आजी एवढंच म्हणाली, “मग एवढी फी कशाला भरतोय तुझा बाप?”

युनिट चार मी परीक्षा झाल्यावर वाचलं. मामाचा प्रश्न तिथे खरंच होता आणि उत्तरही होतं. असं काहीतरी शोधायचं जे शिक्षणाला धक्का देतं पण मामाला शिवत नाही. १९९१ साली अर्थशास्त्रज्ञ अँग्रिस्ट आणि क्रूगर यांना ते सापडलं: जन्माची तिमाही. त्यांनी पाहिलेली अमेरिकन मुलं ज्या कॅलेंडर वर्षात सहा वर्षांची होत त्या वर्षी शाळेत जात, पण शाळा सोडायची मुभा सोळाव्या किंवा सतराव्या वाढदिवसाला मिळे. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेला मुलगा वर्गात वयाने मोठा असे आणि थोडं कमी शिकून कायदेशीर सुटू शके. जन्म कधी झाला यावरून शिक्षण, शिक्षणावरून पगार. हे वाचून मी पुस्तक मिटलं. आजी माझी पत्रिका घेऊन वर्षानुवर्षं दुसरं काय सांगत होती? अँग्रिस्ट यांना २०२१ साली नोबेल मिळालं. आजीला सत्यनारायणाच्या वेळी पुढची जागा मिळते.

गंमत त्याच्या पुढे आहे. १९९५ साली बाउंड, जेगर आणि बेकर यांनी त्याच माणसांना संगणकाकडून वाट्टेल त्या जन्मतिमाह्या वाटल्या, सगळ्या बनावट, आणि गणित पुन्हा केलं. उत्तर जवळपास तसंच आलं, दिसायलाही तितकंच रुबाबदार. जन्मतिमाहीचा शिक्षणाला लागणारा धक्काच इतका दुबळा होता की खरी आणि खोटी यांत समीकरणाला फरक कळेना. आमच्या गल्लीत जन्मवेळ पंधरा-वीस मिनिटं मागेपुढे करून पत्रिका जुळवून देणारे एक गुरुजी होते. त्यांनी जुळवलेले संसार खऱ्या पत्रिकांच्या संसारांइतकेच चालले, ही निरीक्षणं कोणी वेळेत छापली असती तर बार्शीचं नाव झालं असतं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी रूममेटला बीटाचा अर्थ विचारला.

“सर, बाकी सगळं स्थिर असताना चहावर महिन्याला शंभर रुपये जास्त खर्च केले तर...”

“बाकी सगळं स्थिर राहतं का?”

“प्रॅक्टिकलपुरतं राहतं, सर.”

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि त्याला पास केलं. निकाल लागला त्या दुपारी आमचा जवळजवळ सगळा वर्ग ९१ मधून उठून ८१ मध्ये गेला. पहिल्या बाकावरची मुलगी एका बँकेत ३१ झाली. मी काही महिने अण्णांच्या दुकानात २१ म्हणून काढले. गल्ला मात्र हाती आला नाही. रूममेटने एम.ए.ला नाव घातलं आणि तो ९१ च राहिला. बेरोजगारीचा दर काढताना विद्यार्थी वरच्या आकड्यातही धरत नाहीत आणि खालच्याही, त्यामुळे आपण देशाचा दर किंचित का होईना खाली आणला, असं तो घरी सांगतो. सध्या तो पीएचडीचं बघतोय.